बारा मीटर पुढे

केतकी शिरसाठच्या तोंडचं पाणी पळालं ते गुरुवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, आणि तेही अकरा शहरांतून आलेल्या पाहुण्यांच्या देखत. पाच मिनिटं आधी कुणी विचारलं असतं, तर तिने छातीठोकपणे सांगितलं असतं की आजच्याइतका चांगला दिवस आपल्या नोकरीत उगवलेला नाही.

नियंत्रण कक्षाच्या भिंतभर पडद्यावर सात नंबरचा मार्ग पसरला होता, मालधक्क्यापासून टेकडीपर्यंत आणि परत. त्यावर बावीस हिरवे ठिपके सारख्या अंतराने सरकत होते. दोन ठिपक्यांत चार मिनिटं. सकाळी चार, भर दुपारी चार, शाळा सुटायच्या वेळेला सगळा गोंधळ असतानाही चार. पाहुणे आ वासून बघत होते. त्यांच्या शहरांत पाऊण तास बस यायची नाही, आणि आली की तीन एकदम यायच्या.

"हे जमवलंत कसं?" एका गृहस्थांनी विचारलं.

"माझे वडील याच मार्गावर एकतीस वर्षं कंडक्टर होते," केतकी म्हणाली. "ते म्हणायचे, पहिल्या गाडीच्या नशिबी गर्दी, दुसरीच्या नशिबी वारा. एक गाडी जरा रखडली की पुढच्या थांब्यावर माणसं वाढतात. ती चढायला वेळ लागतो, म्हणून ती आणखी रखडते. मागचीला माणसंच मिळत नाहीत, ती मोकळी धावते आणि पुढचीच्या पाठीला जाऊन चिकटते. यात ड्रायव्हरचा काही दोष नसतो. दोन गाड्यांतलं अंतर एकदा बिघडलं की ते आपलं आपण बिघडतच जातं."

मग तिने 'समांतर'ची ओळख करून दिली. समांतर म्हणजे शहरातल्या सगळ्या मार्गांवरच्या या बिनड्रायव्हरच्या गाड्या चालवणारी यंत्रणा. तिने वेळापत्रक घातलं चुलीत. प्रत्येक गाडी फक्त दोन गोष्टी बघायची: पुढची किती लांब, मागची किती लांब. अंतर कमी झालं तर थांब्यावर दहा सेकंद जास्त रेंगाळायचं, वाढलं तर सिग्नलकडून हिरवा दिवा मागून घ्यायचा. थांब्यावरचे कॅमेरे उभ्या माणसांची चाल बघून आधीच सांगायचे की या घोळक्याला चढायला किती सेकंद लागतील. आणि सहा आठवड्यांपूर्वी केतकीने त्यात एक नवी मुभा दिली होती. थांबा तीस मीटर लांब केला आणि त्या तीस मीटरांत दार नेमकं कुठे उघडायचं, हे गाडीलाच ठरवू दिलं. गर्दी जिथे, दार तिथे. त्या दिवसापासून चार मिनिटांचे सव्वाचार कधी झाले नाहीत.

लोक तर इतके खूष, की गेल्या दिवाळीपासून बारवेपासून टेकडीपर्यंतचा जुन्या गावातला रस्ता रिक्षा आणि खासगी गाड्यांना बंदच करून टाकला. दर चार मिनिटांनी बस असताना बाकीची वाहनं हवीत कशाला? त्या शिफारशीवर सही केतकीचीच होती.

टाळ्या वाजत असतानाच तिचा फोन थरथरला. टेकडीवरच्या दवाखान्यातून सुवार्ता सिस्टर बोलत होत्या. केतकीच्या वडिलांचं, नानांचं, डायलिसिस त्यांच्याच हाताखाली चालायचं. दर सोमवारी आणि गुरुवारी.

"केतकीताई, नाना इंदूरला नीट पोचले ना?"

"इंदूरला? नाना कशाला इंदूरला जातील?"

"ते म्हणाले, थोरल्या मुलीकडे जातोय, महिनाभर तिकडेच डायलिसिस करीन. पण फाइल न्यायला कुणी आलं नाही, म्हणून मला शंका आली. मागे एकदा मी अशीच फसलेय, आता गप्प बसवेना. ताई, गेला गुरुवार चुकला, सोमवार चुकला. आज आले नाहीत तर कठीण आहे हो."

सोमवारी रात्री केतकीने जेवताना विचारलं होतं, "झालं का नाना डायलिसिस?" आणि ते "हो हो, झालं की" म्हणाले होते. गेला आठवडाभर ते घरात मोजे घालून वावरत होते. थंडी वाजते म्हणाले. ऐन एप्रिलात! ते सुजलेले पाय झाकत होते, आणि आपण सकाळी सहाला बाहेर पडून नऊला परत येत होतो. याला म्हणतात दिव्याखाली अंधार.

"निरंजन, इथलं बघ," एवढंच आपल्या सहकाऱ्याला सांगून ती जिना उतरली आणि समोर आलेल्या सात नंबरमध्ये चढली. बस अर्थातच वेळेवर होती.

बारवेच्या, म्हणजे घराजवळच्याच थांब्यामागे हौसाबाईंचं फुलांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टोपली, एक छत्री आणि एक बाक. त्या बाकावर नाना बसले होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर दवाखान्याची फाइल, हातात काठी. चेहरा सुजून गोल झाला होता आणि श्वास असा लागला होता की जणू आत्ताच डोंगर चढून आलेत.

"नाना!"

"अगं, तू कशी? आज पाहुणे यायचे होते ना तुझे?"

"तुम्ही डायलिसिसला का गेला नाहीत?"

"जाणार आहे की. निघालोच होतो." नानांनी आयुष्यात ताकास तूर लागू दिली नव्हती, आता तरी कशी देतील?

हौसाबाईंनी मात्र हातातला गजरा टोपलीत आपटला. "काय निघालो होतो? दीस-दीस हितंच बसून असत्यात! ताई, तुमी त्यांची लेक न्हवं? त्या गाडीवाल्या? मग आयका. तुमची गाडी ह्यांना घेत न्हाई."

"असं कसं होईल? कुणालाही नाकारायचं नाही, हा पहिला नियम आहे तिचा."

"मग बगा की डोळ्यांनी. आलीच बगा."

बस आली. थांब्यावर सहा कॉलेजची मुलं पुढच्या बाजूला उभी होती आणि नाना मागच्या बाजूला, काठी टेकत उठून तयार. गाडी नानांच्या समोरून शांतपणे सरकली आणि बारा मीटर पुढे जाऊन थांबली. मुलं टणाटण चढली. नानांनी चार पावलं टाकली, पाचवं टाकलं. दार बंद झालं. गाडी गेली.

"गर्दी पुढे होती ना, म्हणून," केतकी म्हणाली.

"व्हय? मग आता तुमी म्होरं नेऊन हुबं करा त्यांना."

केतकीने नानांना हाताला धरून बारा मीटर पुढे नेलं, जिथे आत्ता दार उघडलं होतं नेमकं तिथे. मागच्या टोकाला एक बाई बाळाला घेऊन आली, दोन कामगार आले. चार मिनिटांनी गाडी आली आणि मागच्या टोकालाच थांबली. दार उघडलं, तिघं चढले, दार मिटलं. नाना पुढे उभे, हातात फाइल, आणि गाडी त्यांच्या अंगावरून वारा घालत निघून गेली. या खेपेला केतकीने हाक मारली होती. हाक कुणाला ऐकू येणार? गाडीत ना ड्रायव्हर, ना कंडक्टर.

"आता आनखी येक गंमत बगा," हौसाबाई म्हणाल्या. त्यांनी नानांना छत्रीआड बसवलं, असं की कॅमेऱ्याला दिसूच नयेत. पुढची गाडी आली आणि थांब्याच्या बरोबर मधोमध, पांढऱ्या खुणेवर, शहाण्यासारखी उभी राहिली.

केतकीने निरंजनला फोन लावला.

"बारवेच्या थांब्यावरची मघाची गाडी. नऊ अठ्ठावन्नची. दार कुठे उघडायचं हे तिने कशावरून ठरवलं, वाच."

"मॅडम, पाहुणे..."

"वाच म्हणते ना!"

निरंजन पाठारे वाचू लागला. "पुढच्या टोकाला एक व्यक्ती, चढायला अंदाजे एकोणीस सेकंद. मागे तीन व्यक्ती, मिळून आठ सेकंद. दार मागच्या टोकाला. वाचलेला वेळ, एकोणीस सेकंद. अरे बापरे. मॅडम, हे तर..."

"आणि राहिलेले प्रवासी किती दाखवलेत?"

"शून्य."

"मी समोर बघतेय, निरंजन. एक राहिलाय. माझा बाप राहिलाय."

"पण त्यांनी कार्ड टेकवलेलं नाही ना, मॅडम. जो कार्ड टेकवेल तो प्रवासी. व्याख्या..." व्याख्या केतकीने लिहिली होती.

समांतरला तिने शिकवलं होतं की अंतर सारखं ठेव आणि प्रवाशाला मागे सोडू नकोस. बिचाऱ्या यंत्राने दोन्ही गोष्टी मनापासून पाळल्या. हजारो फेऱ्यांत त्याच्या लक्षात आलं की अंतर बिघडतं ते काठीवाल्यांमुळे, कुबडीवाल्यांमुळे, गुडघे दुखणाऱ्यांमुळे. त्यांना नाकारायचं नाही, हे खरं. पण ते दारापर्यंत पोचलेच नाहीत, तर त्यात नाकारलं कुठे? कार्ड टेकलं नाही म्हणजे ते प्रवासीच नव्हते. हिशोब चोख आणि माणूस बाकावर.

त्यात वाईट याचं, की तिला हे सांगणारा माणूस घरात होता. ती व्याख्या लिहीत असताना नानांनी चहा पिता पिता विचारलं होतं, "गाडी निघाल्यावर मागे वळून कोण बघणार गं?" कंडक्टरांची ती जुनी रीतच. डबल बेल मारायची, पायरीवरून मागे बघायचं, कुणी पळत येत असेल तर पुन्हा दोरी ओढायची. केतकी तेव्हा हसली होती. म्हणाली होती, "नाना, त्या मागे बघण्यामुळेच तर तुमच्या गाड्या चिकटायच्या."

"मला का नाही सांगितलंत?" केतकी ओरडली. "दहा दिवस झाले, नाना! मी काय मेले होते?"

"पहिल्यांदा वाटलं, मीच हळू झालोय." नाना एकेक शब्द श्वास घेऊन बोलत होते. "गॅलरीत चालून बघितलं. घड्याळ लावून. जमत होतं बरं का, एका दिवशी जमलंसुद्धा. मग पाय सुजले. आणि सांगणार काय? गावभर तुझं नाव झालंय. शिरसाठ कंडक्टरच्या मुलीने बस सुधारली म्हणतात. तुझ्या बसमध्ये तुझ्याच बापाला चढता येत नाही, असं मी तुझ्या पाहुण्यांच्या तोंडावर सांगू?"

केतकीला रडूही येईना आणि रागही आवरेना. तिने रुग्णवाहिकेला फोन केला. जुन्या गावात वळसा घालून यायला पस्तीस मिनिटं लागतील म्हणाले. रिक्षा? रिक्षा तिनेच बंद केल्या होत्या. टेकडी चार थांब्यांवर होती. नानांचे ओठ निळसर दिसायला लागले होते.

"हौसाबाई, यांना धरून आणा. घाई करू नका."

"आन् तुमी?"

"मी पुढे होते."

गाडी आली. तिने नानांना पाहिलं आणि नेहमीसारखी पुढे सरकली. केतकी साडीचा ओचा हातात धरून पळाली, दार उघडलं तशी एक पाय आत आणि एक पाय फुटपाथवर ठेवून उभी राहिली. दार मिटायला आलं, तिच्या खांद्याला लागलं, पुन्हा उघडलं.

"कृपया दारातून बाजूला व्हा. मागची गाडी चार मिनिटांत येत आहे," गाडी म्हणाली.

तो आवाज केतकीचाच होता. दोन वर्षांपूर्वी हौसेने तिनेच नोंदवून दिला होता. किती गोड बोलली होती तेव्हा!

"ओ मॅडम, पाय काढा ना," आतून एक तरुण ओरडला. "ऑफिसला उशीर होतोय."

"माझे वडील येतायत. आजारी आहेत."

"मग मागच्या गाडीने या की! दर चार मिनिटांनी तर आहे."

"मागची घेत नाही हो त्यांना," केतकी म्हणाली, आणि हे बोलताना तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने मान खाली घातली. दार पुन्हा खांद्याला लागलं. पुन्हा तोच गोड आवाज.

फोनवर निरंजन घाबराघुबरा झाला होता. "मॅडम, बारवेला कुणीतरी दार अडवलंय. मागच्या चार गाड्यांचं अंतर बिघडलंय. पडदा लाल झालाय. दार जोर लावून मिटवू का?"

"मिटवू नकोस. माझा पाय आहे."

खांद्यावर आलेलं दार तिने हाताने मागे लोटलं.

"आता ऐक. दार कुठे उघडायचं ते ठरवायची मुभा काढून घे. सगळ्या गाड्यांची, सगळ्या मार्गांवरची. दार खुणेवरच उघडेल. आणि थांब्यावरचं शेवटचं माणूस चढल्याशिवाय मिटणार नाही."

"अहो, सगळ्या शहराचं अंतर कोलमडेल. इथे अकरा शहरांची माणसं बसलीत, सगळं बघतायत!"

"बघू दे त्यांना. त्यासाठीच आलेत ना ते?"

नाना दारापर्यंत आले. त्यांना चढवायला चक्क एक मिनिट लागलं. मघाचाच तो तरुण पुढे झाला, त्याने त्यांना काखेत हात घालून वर घेतलं आणि आपली जागा दिली. पण दार मिटेना. केतकीने मागे वळून पाहिलं.

हौसाबाईंनी हाळी दिली होती. गल्लीच्या तोंडातून कुबडी टेकत एक बाई येत होती. देवळाच्या पायरीवरून एक जोडपं उठलं होतं, दोघांनी एकमेकांना धरलेलं. पिंपळाच्या पारावरून तिघं, सलूनच्या बाकावरून एक, जिन्यात बसलेली एक पोटुशी बाई. सगळ्यांच्या हातांत पिशव्या. ही माणसं रोज इथेच होती, इथेच बसून वाट बघत होती, आणि तिच्या पडद्यावर बारवेचा थांबा रोज रिकामा दिसत होता. ती एकेक करून मोजू लागली. चौदा माणसं होती. बारवेसारखे थांबे शहरात तीनशे दहा होते.

सगळ्यांना चढायला अकरा मिनिटं लागली. मागे तीन गाड्या रांगेत उभ्या राहिल्या. कुणी शिव्या घातल्या, कुणी उतरून चालायला लागलं. केतकीने सगळ्यांचं निमूट ऐकून घेतलं.

टेकडीच्या दवाखान्यात सुवार्ता सिस्टर दारातच उभ्या होत्या. त्यांनी नानांना खाटेवर घेतलं, सुया लावल्या, यंत्र सुरू केलं. डॉक्टर येऊन रक्ताचे आकडे बघून गेले आणि जाताना केतकीला म्हणाले, "संध्याकाळपर्यंत हृदय थांबलं असतं."

तासाभराने नानांचा श्वास जरा खाली बसला. डोळे मिटून ते पडून होते. केतकी त्यांच्या सुजलेल्या पायांवरून हात फिरवत बसली. खोलीत दहा खाटा होत्या. सात भरलेल्या होत्या.

"या तीन कुणाच्या?" तिने विचारलं.

"गुरुवारच्याच," सिस्टर म्हणाल्या. "दोघं महिन्याभरात यायचे बंद झाले. आम्हाला वाटलं, घराजवळ दुसरीकडे कुठे लावलं असेल."

"राहायला कुठे आहेत?"

"बारवेच्या बाजूलाच. तिघंही सात नंबरनेच यायचे. तुमच्या बसचं किती कौतुक होतं त्यांना!"

केतकी उभी राहिली. "सिस्टर, मला पत्ते द्या त्यांचे. तिघांचेही. आत्ता जाते मी."

सिस्टरांनी वही काढली, दोन पत्ते लिहिले आणि पेन ठेवून दिलं.

"तिसरा?"

"वत्सलाबाईंचा नको, ताई. त्यांच्याकडे मी रविवारी जाऊन आले. दहावं होतं. छातीत पाणी भरलं म्हणे." सिस्टर खिडकीबाहेर बघत बोलत होत्या. "मुलगा सारखं तेच तेच सांगत होता. आई रोज वेळेवर निघायची हो, आवरून, पिशवी घेऊन. इतकी चांगली बस दारात असताना ती दवाखान्यात पोचली कशी नाही, तुम्ही तरी सांगा. मी काय सांगणार त्याला? मला कुठे माहीत होतं?"

केतकीने पेन उचलून सिस्टरांच्या हातात दिलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्यांचाच पत्ता आधी लिहा."